बोलोन्याच्या फरशीवरचं ऊन

यंदा मार्गशीर्षात लागोपाठ तीन दिवस धुई पडली. आमच्या वऱ्हाडात धुक्याला धुई म्हणतात, आणि तिचं कौतुक फक्त सकाळी फिरायला जाणाऱ्या नोकरदारांना असतं. शेतकऱ्याला मात्र ती नको असते, कारण याच दिवसांत तूर फुलावर असते आणि धुई दोन दिवस जास्त थांबली की सगळा बहर खाली. गेल्या रविवारी मी खामगावहून पिंपळगाव राजाला आबांकडे निघाले, तेव्हा एसटीचा ड्रायव्हर दिवे लावून, काचेला नाक लावून गाडी हाकत होता आणि गाडीतली माणसं धुईला शिव्या देत होती. मी एकटीच खिडकीशी बसून हसत होते. शेजारच्या बाईने दोनदा माझ्याकडे निरखून पाहिलं. तिला काय सांगणार, की बाई, मला या धुईत एक शहर दिसतंय, आणि त्या शहरात माकडटोपी घातलेले माझे वडील एका चर्चच्या दारात सूर्याची वाट बघत उभे आहेत.

त्या शहराचं नाव बोलोन्या. इटलीत आहे, पण आपल्याकडच्या सहली रोम आणि व्हेनिस करून परत येतात, बोलोन्याला कोणी थांबत नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी असेच मार्गशीर्षात गेलो, कारण माझा धाकटा भाऊ विनू तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवतो. मी खामगावला शाळेत भूगोल शिकवते. आणि आमचे वडील, आबा, पिंपळगाव राजाचे जोशी. पंचांग सांगणं, मुहूर्त काढणं, बारशाला नावरास सांगणं, यात त्यांची उभी हयात गेली. गावातल्या निम्म्या माणसांची पत्रिका त्यांच्या अक्षरात आहे.

विनू माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि तोवर बारा वर्षं तो आणि आबा एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. भांडण म्हणावं तर तेही नाही. फोन यायचा. तब्येत? बरी. पाऊस? झाला. थंडी? आहे. की लगेच आबा फोन माझ्या हातात द्यायचे, घे, ताईशी बोल. आई होती तोवर ती दोघांमधे पुलासारखी होती. ती गेल्यावर पूल माझ्याकडे आला आणि मला काही ते काम जमेना. आबा पंच्याहत्तरीला आले होते. हे दोघं असेच हवामानावर बोलत राहिले आणि एक दिवस आबा गेले, तर विनूचं काय होईल, या विचाराने मला झोप लागत नसे. म्हणून त्याने, दोघं या, असं म्हटल्याबरोबर मी आबांना विचारलं. मला वाटलं, साफ नाही म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं की संक्रांतीच्या आत परत येता येईल का, कारण गावात फळ वाचायला दुसरं कोणी नाही.

बोलोन्या हे भाजलेल्या विटेचं शहर आहे. लाल, शेंदरी, पिवळसर, जुन्या कौलाच्या रंगाचं. आम्ही पोचलो तेव्हा त्यावर धुकं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी शहर दिसलंच नाही, फक्त पायाखाली आलं. आणि पायाखाली जे आलं त्याने मी थक्क झाले. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमानींचे सज्जे आहेत, एकाला लागून दुसरा, दुसऱ्याला लागून तिसरा, असे मैलोगणती. वरचा मजला घराचा, खालची वाट सगळ्यांची. विनूने सांगितलं की शेकडो वर्षांपूर्वी विद्यापीठात शिकायला इतकी मुलं यायला लागली की लोकांनी वरच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या. शहराने म्हटलं, काढा, पण खालची जागा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळी ठेवायची, आणि घोड्यावरचा माणूस डोकं न आपटता जाईल एवढी उंची ठेवायची. आजही जागा घरमालकाची आहे, दुरुस्ती त्याने करायची, आणि चालायचं कोणीही. आपल्याकडे ओट्यावर कोणी बसू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकणारी माणसं माझ्या गल्लीत आहेत. मी त्या कमानींखालून चालताना त्यांना मनातल्या मनात बरंच काही सुनावलं.

आबांनाही त्या वाटा फार आवडल्या. धोतर, त्याखाली विनूने आणून दिलेली लोकरी विजार, वर माझ्या यजमानांचा कोट आणि डोक्याला माकडटोपी, अशा थाटात ते काठीशिवाय चालायचे. फरशी इतकी गुळगुळीत की पाय आपोआप पुढे जातात. एका जुन्या घरापुढचा सज्जा अजून लाकडी आहे. आठशे वर्षांपूर्वीचे ओक लाकडाचे खांब, पाच माणसं उंच, भेगाळलेले आणि काळेभोर. आबांनी एका खांबाला हात लावून बराच वेळ ठेवला. लाकडाला वाळवी नाही लागली, एवढंच म्हणाले. हे त्यांच्याकडून मोठं प्रशस्तिपत्र होतं. दिवाळीत रंगवलेल्या आमच्या दारालाही त्यांनी कधी एवढं म्हटलेलं नाही.

आता त्याच्याही बारा वर्षं आधीची एक सकाळ सांगते, म्हणजे मी त्या शहरात सुखाने का फिरू शकत नव्हते ते कळेल. संक्रांतीचा दिवस होता. आमच्याकडे त्या सकाळी गावातली माणसं देवळाच्या सभामंडपात जमतात आणि जोशी संक्रांतीचं फळ वाचतात. यंदा ती कोणत्या वाहनावर बसून आली, कोणतं वस्त्र नेसली, कुठून आली आणि कुठे निघाली. बायका सुगडं घेऊन बसलेल्या, म्हातारे खांबांना टेकलेले. आबा वाचत होते. विनू बावीस वर्षांचा होता, परदेशी शिकायला येण्याचं पत्र नुकतंच त्याच्या हातात पडलं होतं आणि पाय जमिनीवर नव्हते. तो मधेच हसत म्हणाला, की सूर्य उत्तरेकडे वळला तो बावीस डिसेंबरला, आबांची संक्रांत दर वर्षी तेवीस दिवस उशिरा येते, एसटीपेक्षा वाईट. सभामंडप हसला. आबांनी पंचांग मिटलं. मग उठून सगळ्यांना तिळगूळ दिला, विनूलाही दिला, पण त्याच्यापाशी सोबतचे शब्द बोलले नाहीत. तेव्हापासून ते तसंच.

खरं तर एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. त्या दिवशी मीही हसले होते. मी भूगोलाची बाई. बावीस डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस, हे मी दर वर्षी फळ्यावर गोल काढून शिकवते. विनूचं बरोबर होतं आणि आबांना ते माहीत नव्हतं, असंच मला वाटलं. विनूने ते बोलायला नको होतं, एवढंच.

बोलोन्यात तिसऱ्या दिवशी मी बाजारात हरवले. हरवले म्हणजे एका दुकानाच्या काचेपुढे उभी राहिले ती हललेच नाही. आत चार बायका लांबलचक लाटण्याने पिवळी पोळी लाटत होत्या, इतकी पातळ की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. मग तिचे चौकोन, चौकोनात चिमूटभर सारण, आणि बोटाभोवती गुंडाळून एक इवलीशी मुडपलेली टोपी. डोळे दुसरीकडे, बोलणं चालू, आणि बोटं आपलं काम करताहेत. माझ्या आत्या लग्नाआधी खिरीसाठी वळवट करायला बसायच्या तेव्हा अशाच. गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटव्या, आणि तोंडाने सगळ्या गावाची हजेरी. मी काचेबाहेरून नखुली कशी वळतात ते नुसत्या हातांनी करून दाखवलं. आतली सगळ्यात वयस्कर बाई थांबली, मला आत बोलावलं आणि पिठाची गोळी माझ्या हातावर ठेवली. मी वळलेली नखुली तिने सगळ्या जणींना दाखवली. परदेशात मला मिळालेला हा एकुलता एक सन्मान.

पण मूळ मुद्दा चर्चचा. शहराच्या मधोमध एक भलामोठा चौक आहे आणि त्याच्या दक्षिणेला सान पेत्रोनिओ. माणसं ते बांधायला लागली ती थांबलीच नाहीत, आणि मग थांबली ती कायमचीच. त्यामुळे त्याचा दर्शनी भाग खाली गुलाबी-पांढऱ्या संगमरवराचा आहे आणि कमरेच्या वर नुसत्या खडबडीत विटा. शेकडो वर्षं तो तसाच अर्धा नेसलेला उभा आहे आणि शहराला त्याची लाज वाटत नाही. मला तो पूर्ण झालेल्या सगळ्या इमारतींपेक्षा आवडला. आत गेलं की छत इतकं उंच की मान मागे टाकावी आणि टोपी पडावी. आबांची माकडटोपीसुद्धा मागे सरकली.

आणि डाव्या बाजूच्या फरशीवर पितळेची एक रेघ. खांबांच्या मधून तिरकी निघालेली, जवळजवळ अर्ध्या चर्चच्या लांबीची. तिच्या कडेला संगमरवरात आकडे आणि राशी कोरलेल्या. वर छताला एक बारीकसं भोक आहे. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावरच्या रेषेत आला की त्या भोकातून पडलेलं ऊन पितळेच्या रेघेवर येतं. उन्हाळ्यात सूर्य उंच, तेव्हा ते भोकाच्या जवळ पडतं. हिवाळ्यात सूर्य खाली, तेव्हा पार दाराकडच्या टोकाला. साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ हे ऊन रोज दुपारी ती रेघ ओलांडतंय. माणसांनी त्यावरून वर्ष मोजलं, सण कधी धरायचा ते ठरवलं. चर्चच्या पोटात एक पंचांग होतं.

बाकीचे पर्यटक मोबाइल वर धरून छताचे फोटो काढत होते. आबा मात्र कमरेत वाकून रेघेवरून चालायला लागले. भोकाखालच्या टोकाला खेकडा होता. कर्क, आबा म्हणाले. मग पुढे सिंह, कन्या, तूळ, एकेक ओळखत गेले. कोणी सांगावं लागलं नाही, एक अक्षर वाचावं लागलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आलेला पिंपळगावचा माणूस त्या अख्ख्या चर्चमधे एकटाच ती फरशी वाचत होता. तिथे चर्चची देखरेख करणारे एक म्हातारे गृहस्थ होते, निळ्या सदऱ्यातले, पाठ थोडी वाकलेली. ते आबांच्या मागे मागे चालायला लागले. आबांनी विंचवाच्या खुणेवर बोट ठेवलं की ते मान हलवायचे.

माझा जीव मात्र खालीवर होत होता. कारण शेवटच्या टोकाला मकर येणार, आणि तिथे सूर्य येतो तो बावीस डिसेंबरला. म्हणजे विनूने देवळात सांगितलेली गोष्ट इथे संगमरवरात कोरलेली होती. आबांनी ती पाहिली की बारा वर्षांपूर्वीचं ते हसू त्यांना पुन्हा ऐकू येणार. मी पुढे होऊन आबांना म्हटलं, चला, तिकडे रंगीत काचा बघू. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि टोकाला पोचले. तिथे शिंगांचा बोकड होता, खाली माशाची शेपटी.

"हे बोकड काऊन हाय बे?" आबा विनूला म्हणाले. "आपला मकर त मगर असते."

विनू हसला, मीही हसले, जरा जास्तच. आणि मी त्यांना काचा दाखवायला ओढत नेलं.

मग रोज तेच. आबा म्हणायचे, दुपारी तिकडे जाऊ, ऊन पाहू. मी म्हणायचे, आज दुसरं काही पाहू. भूगोलाची बाई आपल्या बापापासून सूर्य लपवायला निघाली होती. पण माझ्या मदतीला धुकं होतं. माझं कोणी ऐकत नसे, रोज बाराच्या सुमाराला आम्ही चर्चमधे असायचोच, आणि छतातल्या भोकातून नुसता राखाडी उजेड यायचा. ते निळ्या सदऱ्यातले गृहस्थ दोन्ही हात पसरून आबांना म्हणायचे, दोमानी. म्हणजे उद्या. आबा मान डोलवून म्हणायचे, दोमानी. दोघांची गट्टी जमली होती. दोघंही दहा मिनिटं शेजारी उभे राहून वर बघायचे आणि मग आपापल्या वाटेने जायचे.

उरलेल्या वेळात आम्ही ते शहर मनसोक्त पाहिलं. जुन्या विद्यापीठाच्या भिंती मुलांच्या घराण्यांच्या रंगीत चिन्हांनी भरलेल्या आहेत. हजारो चिन्हं, छतापर्यंत. आपल्याकडे मुलं बाकावर नाव कोरतात म्हणून मी त्यांना ओरडते, तिथे त्यांची नावं शहराने चारशे वर्षं जपली आहेत. त्याच इमारतीत लाकडाने मढवलेली एक खोली आहे, पायऱ्या-पायऱ्यांची, मधे संगमरवरी टेबल. तिथे पूर्वी वैद्यकीचे विद्यार्थी माणसाचं शरीर उघडून बघायला शिकायचे. आबा आत यायला तयार नव्हते. मग आले, टेबलाला लांबूनच नमस्कार केला आणि म्हणाले, शिकायसाठी ज्यानं देह दिला त्याले पुण्य लागते. चौकातल्या ग्रंथालयाची फरशी काचेची आहे आणि खाली रोमन काळातलं शहर दिसतं, विहिरी, भिंती, रस्त्याचे दगड. त्या काचेवर मुलं अभ्यासाला ये-जा करत होती. शहराचे ते दोन जुने बुरूज, एक उंच आणि एक बुटका, बुटका इतका कललेला की त्याच्याभोवती कुंपण घालून त्याला सावरायचं काम चाललं होतं. पडू दिला असता तर कोणी दोष दिला नसता, इतका तो म्हातारा आहे. पण जे आपलं आहे ते वाकडं झालं तरी धरून ठेवायचं, ही त्या शहराची रीत मला फार आवडली.

एका दुपारी रस्त्यात मुलींचा घोळका गाणी म्हणत निघाला होता. मधल्या मुलीच्या डोक्यावर पानांचा मुकुट आणि त्याला लाल फीत. तिने त्या दिवशी पदवी घेतली होती. आबांनी थांबून तिला अक्षता टाकल्यासारखा हात केला. तिला काय कळलं कोण जाणे, तिने मान वाकवली.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला एका जुन्या राजवाड्याखाली दोन वाटा एकमेकींना छेदतात आणि वर घुमटासारखं छत आहे. तिथे एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या तिरप्या कोपऱ्यातल्या माणसाला ते स्पष्ट ऐकू येतं. म्हणतात, पूर्वी महारोग्यांना दूर उभं करून त्यांच्याकडून पापांची कबुली ऐकायची पाद्र्यांची ही जागा होती. विनूने आबांना एका कोपऱ्यात उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या कोपऱ्यात गेला. दोघांच्या पाठी एकमेकांकडे, तोंडं भिंतीत. मी मधे उभी. विनूचा खांदा थोडा हलला, म्हणजे तो काही बोलला. आबांची माकडटोपी हलली, म्हणजे त्यांनी उत्तर दिलं. मग पुन्हा विनू, पुन्हा आबा. चांगली पाच मिनिटं. माझ्या आजूबाजूने माणसं जात होती आणि मला एक अवाक्षर ऐकू येत नव्हतं. बारा वर्षांत ते एकमेकांशी इतकं बोलले नव्हते. बाहेर आल्यावर मी विचारलं तर आबा म्हणाले, थंडीचं बोलत होतो.

त्या संध्याकाळी मी विनूला लाकडी खांबांच्या त्या सज्ज्याखाली गाठलं. आबा समोर एका दुकानात माझ्यासाठी शाल बघत होते. मी त्याला म्हटलं की तू रोज त्या रेघेकडे आबांना नेतोस ते कशाला, हे मला कळतंय. एकदा सगळ्या गावापुढे खोटं पाडलंस, आता दगडात कोरलेला पुरावा दाखवायला एवढ्या लांब आणलंस का. माझा आवाज चढला होता, दोन बायका वळून बघायला लागल्या. विनूने ऐकून घेतलं. त्याने वाद घातला नाही, हे मला जास्त लागलं.

"ताई, एक दिवस ऊन पडू दे," तो म्हणाला. "मग तुला जे बोलायचं ते बोल."

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या घराच्या विटा दिसल्या. एकेक वीट, आणि तिच्यावर तिरपं कोवळं ऊन. आबा अंघोळ करून कोट घालून तयार होते. आता लपवायला धुकं नव्हतं.

आम्ही साडेअकरालाच पोचलो. निळ्या सदऱ्यातल्या गृहस्थांनी आबांना लांबूनच हात केला, आज त्यांचा शब्द वेगळा होता, ओज्जी, म्हणजे आज. वीस-पंचवीस माणसं रेघेच्या कडेला जमली होती. बारा वाजून काही मिनिटं झाली तेव्हा फरशीवर, रेघेपासून थोडं दूर, एक फिकट ऊन पडलेलं दिसलं. लांबट गोल, एक माणूस आडवा मावेल एवढं. हिवाळ्यातला सूर्य इतक्या दुरून आलेला की त्याची कड पुसट झालेली. ते सरकत होतं. डोळ्यांना दिसेल असं सरकत होतं. म्हणजे पृथ्वी फिरताना दिसत होती, जे मी वीस वर्षं पोरांना टेबलावरच्या गोलावर हाताने फिरवून दाखवते. आबांनी बूट काढले, मोजे काढले, आणि त्या थंड फरशीवर उघड्या पायांनी बोकडापाशी उभे राहिले. ऊन रेघेवर आलं. बरोबर मकर राशीच्या खुणेपाशी. आबांनी हात जोडले.

"आबा, मला तुम्हाला सांगायचं आहे. सगळ्यांसमोर," विनू म्हणाला.

आबांनी जमलेल्या माणसांकडे पाहिलं. "इथं मराठी कोणाले येते?"

कोणालाच येत नाही, पण मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो होतो, असं विनू म्हणाला आणि बोलायला लागला. त्याचा आवाज वर्गात शिकवणाऱ्या माणसाचा राहिला नव्हता. तो म्हणाला, देवळात मी जे बोललो ते अर्धंच होतं आणि मला तेव्हा ते कळत नव्हतं. या फरशीला फक्त सूर्याची उंची कळते. दिवस सगळ्यात लहान झाला की हिच्यासाठी मकर. ताऱ्यांचं हिला काही माहीत नाही. तुमचा मकर ताऱ्यांवरून मोजलेला, सूर्य खरोखर त्या ताऱ्यांपाशी जातो तेव्हाचा. फार पूर्वी दोन्ही एका दिवशी होते, मग हळूहळू लांब झाले. दोन मापं आहेत, आबा, दोन्ही खरी. इथे येऊन ही रेघ रोज पाहताना मला ते उमगलं आणि तेव्हापासून मला तुम्हाला इथे आणायचं होतं. मी तुम्हाला उगाच हसण्यावारी नेलं.

आबा ऐकत होते. त्यांनी त्याला मधे तोडलं नाही. मग काखेतली पिशवी उघडली, लाल फडकं सोडलं आणि त्यातलं पंचांग काढलं. चष्मा नसतानाही पान बरोबर उघडलं आणि एका ओळीखाली नख ठेवलं. बारीक अक्षरात छापलं होतं, सायन मकर, म्हणजे या फरशीचाच मकर, उत्तरायणारंभ. डिसेंबरची बावीस तारीख.

"मले माहीत हाय," आबा म्हणाले. "दरसाल छापून येते. त्या सालीही होतं."

मी ती ओळ दोनदा वाचली. ते पंचांग आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून दर वर्षी येतं. वाळवणाच्या फडक्यावर मी ते वजन म्हणून ठेवलं, त्यात एकादशी पाहिली, चतुर्थी पाहिली. बावीस डिसेंबर मात्र मी नेहमी शाळेच्या पुस्तकातच पाहिला. इतके दिवस ज्यांच्यापासून मी तो दगड लपवत होते, त्यांच्या काखेत तो होता.

"मग तेव्हा का नाही दाखवलं?" विनूने विचारलं.

"पान काढलं होतं म्या. दाखवणारच होतो. मंग तुझ्याकडे पाह्यलं. लय खुशीत होता तू, सारे लोक तुझ्याकडे पाहून राह्यले होते. चारचौघात आपल्याच पोराले खोटं पाडून मले काय भेटणार होतं? मिटून टाकलं."

विनूचे डोळे भरून आले. माझेही आले. आजूबाजूची माणसं भलतंच समजून हळूच मागे सरकली. विनू म्हणाला, मग घरी तरी सांगायचं, आबा. बारा वर्षं गेली. मला वाटत होतं, तुम्ही रागावलात.

आबांनी पंचांग मिटलं नाही. उघडंच छातीशी धरलं.

"तू इचारलं कुठं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी माझ्याकडेही एकदा पाहिलं, आणि मला मान खाली घालावी लागली.

ऊन रेघेवरून पुढे गेलं होतं आणि माणसं पांगायला लागली होती. विनूने आबांचे मोजे उचलले, खाली बसून त्यांच्या पायात घातले, बुटाच्या नाड्या बांधल्या. मग त्यांचा हात धरून त्यांना बाजूच्या बाकावर नेलं आणि स्वतः शेजारी बसला.

"आबा," तो म्हणाला, "हे तेवीस दिवसांचं अंतर कसं काढायचं?"

तो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आहे. त्याला ते कागदावर दोन ओळींत मांडता येतं, आणि हे आबांनाही चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी पंचांग मांडीवर ठेवलं, घसा साफ केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चर्च बंद व्हायची वेळ होईपर्यंत ते सांगत होते. विनूने मधे एकदाही तोंड उघडलं नाही.